आईने निवडलेला रिमोट

बेलवली, बदलापूर (प.)
१४ नोव्हेंबर १९९६

ती. चंदर दाजी यांस सुदामचा सप्रेम जयभीम.

आपला गुडघा आता जिना चढू देतो का, आक्काचा खोकला गेला का, ते कळवावे. इकडे सर्व ठीक, फक्त टीव्ही आमच्या ताब्यात नाही.

आई रागावून अंबरनाथला तुमच्याकडे का आली ते तिने सांगितले नसणार, म्हणून तपशीलवार लिहितो. मोतीबिंदूमुळे तिला रिमोटची बटणे दिसेनात, आणि दर वेळी नीलिमाला हाक मारायचा तिला संकोच (सासू असून!). मी शिकलो नववी, पण ट्रान्झिस्टरपासून कॅल्क्युलेटरपर्यंत सगळे स्वतः उघडून शिकलो, हे आपण जाणताच (आपले घड्याळ हा अपवाद). म्हटले, डोळे नाहीत तर बोटे आहेत. उल्हासनगरहून चिकटवायचे सोल्युशन आणले (दुकानदार म्हणाला, “साईं, हाथी भी चिपक जाएगा”). चालू-बंदवर तांदूळ, आवाज वाढवायला मसूर, कमी करायला मोहरी, चॅनेलला ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. नऊ तास वाळवले. आईने बोट फिरवले आणि म्हणाली, “कोलम आहे. जुना.” मी धन्य झालो.

दुसऱ्या दुपारी ती रिमोट मांडीवर घेऊन सिरियल ऐकत बसली. मधेच दोनदा चॅनेल बदलले. मी केबलवाल्याला नावे ठेवली. सिरियल संपली तेव्हा रिमोट गुळगुळीत आणि पदरावर छोटीशी रास! साठ वर्षे सूप धरलेली बोटे, त्यांनी रिमोट निवडून काढला. वर मलाच म्हणते, “सुद्या, खडे फार होते रे.” माझ्या तोंडून गेले, “उद्यापासून पोतंच आणून देतो, निवडत बस!” (एवढेच. आवाज जरा मोठा होता.) सकाळी ती पिशवी घेऊन निघाली.

मागे पाहतो तो रिमोटला काळ्या कापडाचे कव्हर, गोधडीच्या टाक्याने चहूबाजूंनी शिवलेले, पुढचा दिवा तेवढा मोकळा. बटणाबटणावर दोऱ्याच्या गाठी, कुठे एकेरी, कुठे दुहेरी. नीलिमा आवाज वाढवायला जाते, टीव्ही बंद पडतो. मी कात्री घेतली होती, पण हात धजला नाही. टाके फार सरळ आहेत हो, न बघता घातलेले.

आक्काला जयभीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सुदाम

ता.क. कल्पना मूळ माझीच, हे आईला समजावून सांगावे. दाण्याऐवजी दोरा, एवढाच फरक.

ता.क. दुसरा: ते समजावू नका. आवाज मोठा झाला त्याचे मला वाईट वाटते, एवढेच सांगा. आणि कव्हरच्या कोपऱ्यात एक तिहेरी गाठ आहे, ती कशाची ते तिने इथे येऊनच दाखवावे. रविवारी अकरा वाजता मी स्टेशनबाहेर रिक्षा घेऊन उभा राहतो.

ता.क. तिसरा: त्या गाठीखाली बटण नाही, शिवण तिथे संपते. मी बोटाने पाहिले. तरी विचारा.