साइटवर मयत, घरात हयात

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

मृत्युपत्र लिहून ठेवणार : श्रीमती चंद्रभागाबाई पंडितराव डाके, वय सदुसष्ट, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक पास, राहणार माजलगाव, जिल्हा बीड.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसीजे, मी आजच्या तारखेला हयात आहे. हे असं लिहायची रीत नाही म्हणून वकील हसले. लिहिणारा जिवंतच असतो, म्हणाले. माझ्या बाबतीत ते लिहावं का लागलं, हे पुढे वाचल्यावर कळेल. बीपीची एक गोळी सोडली तर मला दुखणं नाही. डोकं शाबूत आहे, घरचा हिशेब अजून मीच जुळवते. कोणाच्या दडपणाखाली हे लिहीत नाही. दडपण आणायला दोघेजण येऊन गेले, त्यांना चहा देऊन परत पाठवलं.

हे कागद मी माझ्या हाताने लिहिले आहेत. वकील टाइप करून देत होते. पण टाइप केलेलं मागाहून कोणी बदललं तर अक्षरावरून ओळखू येत नाही. पानाखाली उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारली आहे, कोणी ओळ घुसवू नये म्हणून.

कलम १. माझी माणसं. पती कै. पंडितराव पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. मुलगी सौ. सत्यशीला परळीला दिली आहे. मुलगा आदिनाथ, वय छत्तीस, मोंढ्याजवळ ठिबकच्या सामानाचं दुकान चालवतो, लग्न व्हायचं आहे. धाकटे दीर बद्रीनाथ मागच्या गल्लीत राहतात. याशिवाय कोणी वारस म्हणून उभा राहिला तर तो खोटा समजावा.

कलम २. घर. दोन खोल्या स्लॅबच्या, दोन पत्र्याच्या, पुढे ओटा, मागे तुळस. सदर घर पतीने माझ्या नावे घेतलं होतं. माझ्या पश्चात ते आदिनाथला द्यावं असं मनात होतं. अजूनही आहे, पण आता अटीवर. अट लिहिण्याआधी काय घडलं ते लिहिते, म्हणजे म्हातारीचं डोकं फिरलं होतं असं उद्या कोणी म्हणणार नाही.

मागल्या दिवाळीत आदिनाथने मला फोटो स्टुडिओत नेलं. ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डाला फोटो लागतो म्हणाला. कार्डाला बोटाएवढा फोटो लागतो. याने भिंतीवर मावेल एवढा काढायला लावला. मी विचारलं नाही, लक्षात ठेवलं. पुढे संक्रांतीला गव्हाच्या कोठीमागे तोच फोटो सापडला, चौकटीत बसवलेला, शेजारी चंदनाचा हार. मी पुसून परत ठेवला आणि हाराला कीड लागू नये म्हणून डांबराची गोळी टाकली. विकत आणलेली वस्तू आहे.

श्रावणात माझी शाळेतली मैत्रीण वत्सलाबाई अंबाजोगाईहून आली. मी ओट्यावर गहू निवडत होते. ती कोपऱ्यापासूनच पदर डोळ्याला लावून येत होती. माझ्या पुढ्यातून ‘आदिनाथ, बाळा’ म्हणत आत गेली, थबकली आणि उलट्या पावली बाहेर आली.

“चंद्रे, तू?”

“मंग कोण?”

“आगं, तू गेलीस म्हणं की.”

“कुठं?”

ती खाली बसली आणि रडली. म्हणाली, “आता आलेच हाय तर रडून घेते. निम्मं का होईना, तिकीट पडलंय.”

तिच्या भाचीसाठी स्थळं बघताना लग्नाच्या साइटवर आदिनाथचा बायोडाटा निघाला होता. तिने फोनवर दाखवला. सगळं इंग्रजीत, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, जणू सगळेच शब्द देवाची नावं. मी मॅट्रिकला इंग्रजी घेऊन पास आहे. डिक्शनरी काढून एकेक शब्द लावला. टीटोटलर म्हणजे दारू न पिणारा. हे खरं आहे. वेल सेटल्ड. दुकानाचं भाडं कधी थकलेलं नाही, चालेल. ओन बंगलो. पत्र्याच्या खोल्या पाहुण्यांनी पावसाळ्यात बघाव्यात. गॉड फिअरिंग म्हणजे देवाला भिणारा. पुढच्या ओळी वाचल्यावर हे खोडावंसं वाटलं. फादर, पास्ड अवे. मदर, पास्ड अवे. सिस्टर वन, मॅरीड. लायबिलिटी, नन.

लायबिलिटी शब्द मला हिशेबामुळे माहीत आहे. देणं. म्हणजे आई गेली आणि देणं फिटलं.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर मी आदिनाथला पाटावर बसवलं.

“हे तू लिहिलंस?”

“लिहिलं न्हाई आई. त्यात लिहायचं नसतंय. बाण दाबला की यादी खाली पडती. त्यातलं एक निवडायचं.”

“काय काय होतं यादीत?”

“होममेकर. नोकरी. रिटायर. पास्ड अवे.”

“मी घर सांभाळत न्हाई का?”

“सांभाळतीस.”

“मंग मला कावून मारलंस?”

तो पाटाच्या कडेला नख लावत राहिला. मग म्हणाला, “होममेकर टाकलं तर सालभर एक फोन आला न्हाई. पोरीवाले पहिलं विचारतेत, घरात कोण कोण. काका म्हणले, सासू काढून बघ. काढली, तर आठ दिवसांत फोन आला.”

सासू काढून बघ. ठिबकचा नोझल काढून बघतात तसं.

‘माझी आई वारली’ असं मराठीत लिहायला लावलं असतं तर माझ्या लेकाचा हात चालला नसता, एवढा विश्वास मला अजून आहे. यादीतल्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवायला मात्र जीभ उचलावी लागत नाही. म्हणून मला तिथल्या इंग्रजीचा संशय येतो. त्यात कोणी काही बोललेलंच नसतं, आणि तरी माणूस मरतं. खोट्या मरणाने आयुष्य वाढतं म्हणतात. मला वाढवून नको होतं.

शिवाय पतीच्या मागे मला पेन्शन आहे. त्यासाठी दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देते. आदिनाथ म्हणतो, साइटचा आणि बँकेचा काही संबंध नाही. मला खात्री नाही. फोन तोच, नाव तेच. आतल्या आत एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला सांगितलं तर माझी बाजू मांडायला तिथे कोण आहे?

मी त्याला ते बदलायला लावलं. साइटवरून इंग्रजीत उत्तर आलं, ते मी स्वतः वाचलं. त्यात माफी होती, आभार होते, आमच्या दुःखात ते सहभागी होते, आणि बदल हवा तर पुरावा जोडा म्हणून होतं. त्या अख्ख्या मजकुरात एक चूक नव्हती. माझ्या इंग्रजीच्या बाईसुद्धा फळ्यावर चुकायच्या आणि डस्टरने पुसायच्या. पलीकडे कोणी बसलेलं नाही, असा माझा संशय आहे. आम्ही हयातीचा दाखला जोडला. तो मराठीत आहे, वाचता येत नाही, असं कळवलं आणि परत एकदा दुःखात सहभागी झाले.

तोवर अंबाजोगाईचंच दुसरं एक स्थळ, वत्सलाबाईच्या भाचीचं नव्हे, पुढे सरकलं होतं. मुलगी राजनंदिनी, दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर. वडील सुग्रीवराव. भाऊबीज झाल्यावर आलेल्या रविवारी ते घर बघायला येणार होते. आदिनाथ म्हणाला, “आई, एवढा एक दिवस तू ताईकडं जा. ठरलं की मी सांगतो त्यांला.” मी म्हणाले, परळीला मी वैजनाथाच्या पायरीला जाईन, पाहुण्यांना चुकवायला जाणार नाही. त्या रविवारी सकाळी त्याने माझा फोटो त्याच्या वडिलांच्या फोटोशेजारी टांगला आणि हार घातला. मी हात धरला नाही. कुठवर जातो ते मला बघायचं होतं. खरं लिहायचं तर माझा संशय त्या मुलीवरच होता. तिनेच सासू नको म्हणून सांगितलं असणार.

पोहे मीच केले. बद्रीनाथ भाऊजी आत येऊन पोह्यांच्या ताटल्या घेऊन गेले. थोड्या वेळाने मुलगी पाण्याचा तांब्या भरायला म्हणून स्वयंपाकघरात आली. माझ्याकडे बघत राहिली.

“तुम्ही कोण?”

“मी इथलीच. बाहेर फोटो बघितलास का?”

“बघितला.”

“कोणाचा वाटतो?”

तिने तांब्या ओट्यावर ठेवला, बाहेर गेली, स्टुलावर चढून हार काढला आणि आदिनाथसमोर धरला. “हे कुठं ठेवायचं?” एवढंच विचारलं. मी दारात येऊन उभी राहिले. आदिनाथने मान वर केली नाही. भाऊजींना एकदम फोन आला आणि ते बाहेर गेले. फोन वाजलेला मी ऐकला नाही.

सुग्रीवरावांनी ताटलीतले पोहे संपवले. मग मला हात जोडून म्हणाले, “ताई, आमी फक्त विचारलतं, घरात कोण कोण हाय. कोणाला काढा म्हणलं नव्हतं. पोहे लई चांगले झालेत.” आणि लेकीला घेऊन गेले.

तेव्हा घराची अट अशी. ज्या ज्या घरी हा बायोडाटा गेला, तिथे तिथे आदिनाथने स्वतः जावं आणि ‘माझी आई जिवंत आहे’ असं तोंडाने सांगावं. फोनवर नाही, इंग्रजीत नाही. ते सत्यशीलाने नंतर विचारून खात्री करावी. झालं, तर घर त्याचं, लग्न होवो न होवो. न झालं, तर घर सत्यशीलाचं, आणि आदिनाथने भाडं देऊन राहावं.

हे लिहीपर्यंत तो एसटीने गेवराई, केज, धारूर फिरून आला आहे. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या, एका ठिकाणी जेवू घातलं. साइटवरून नावही काढलं. नाव काढतानाही कारणांची यादी खाली पडते. मी शेजारी बसले होते. शेवटचं कारण ‘अदर’ होतं, तिथे लिहायला जागा होती. त्याने मराठीत लिहिलं, माझी आई हयात आहे. लगेच उत्तर आलं : अभिनंदन, तुमचं वैवाहिक जीवन सुखाचं होवो.

कलम ३. सत्यशीलाला माझ्या पाटल्या, पुतळ्यांची माळ, तांब्याचा बंब आणि दिवाळीला या घरी येण्याचा हक्क. हा शेवटचा हक्क घर कोणाचंही असलं तरी मोडू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ४. दीर बद्रीनाथ यांना माझी मॅट्रिकची इंग्रजी डिक्शनरी. ते घरच्या ग्रुपवर रोज इंग्रजीत शुभेच्छा टाकतात. भादव्यात त्यांनी ‘हॅपी पितृपक्ष’ टाकलं होतं. आधी अर्थ बघावा, मग पाठवावं. आमची लोखंडी शिडी त्यांच्याकडे आहे, ती डिक्शनरी नेताना घेऊन यावी.

कलम ५. देवघरातला महादेवाचा बाण आणि स्फटिकाची माळ ज्याच्या हातून रोज पूजा होईल त्याला. होणार नसेल तर दोन्ही परळीच्या देवळात द्यावीत. कपाटात कुलुपात ठेवू नये.

कलम ६. माझा फोन मी गेल्यावर बंद करावा. माझ्या जाण्याची बातमी कोणी इंग्रजीत टाकू नये, यादीतून निवडलेलं तर मुळीच नको. पहिल्यांदा कोणीतरी अंबाजोगाईला जाऊन वत्सलाबाईला समक्ष सांगावं. फोनवर तिचा आता विश्वास बसणार नाही, आणि ती एकदा माझ्यासाठी रडून गेली आहे.

कलम ७. माझा फोटो चौकटीसह कोठीमागे ठेवला आहे, हार कागदात गुंडाळला आहे. वेळ आल्यावर तोच लावावा. खर्च होऊन गेलेला आहे, नवा करू नये.

कलम ८. साक्षीदारांविषयी. वत्सलाबाई कालच मुक्कामाला आली आहे, पहिली साक्ष तिची. आज राजनंदिनी अचानक एकटी आली; घराच्या अटीचं वत्सलाबाईने अंबाजोगाईत बोलून ठेवलं होतं. म्हणाली, “त्यांनी सगळ्यांना सांगितलंय का ते बघायला आलते.” मला हे पटलं नाही. एवढ्यासाठी कोणी रजा टाकून येत नाही. घर बघायला आली असेल, असं वाटलं. माझ्यासमोर हेच कागद होते. मी तिला म्हणाले, साक्षीदार हवा आहे. पण वकील सांगतात, साक्षीदाराला या कागदातून काही देऊ नये. सही केलीस तर तुला या घरातला चमचा नाही.

ती म्हणाली, “पेन द्या.”

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहून ठेवलं. यापूर्वी माझ्याविषयी कुठेही, कोणत्याही भाषेत लिहिलं गेलेलं रद्द समजावं.

ठिकाण : माजलगाव
कार्तिक वद्य त्रयोदशी, सोमप्रदोष, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सही : चंद्रभागाबाई पंडितराव डाके

साक्षीदार १ : वत्सलाबाई, राहणार अंबाजोगाई. नातं : शाळेतली मैत्रीण. सही माझ्यासमोर केली. बाई चांगली धडधाकट आहे, मी हात लावून पाहिलं.

साक्षीदार २ : राजनंदिनी सुग्रीव, राहणार अंबाजोगाई. सही माझ्यासमोर केली. त्याआधी त्यांनी चहा केला, साखर कमी घातली म्हणून मी बोलले तर त्या मलाच बोलल्या. नातं : सध्या काही नाही.