धुराड्यातली बाटली

२३ नोव्हेंबर
भट्टी रडतेय. काल संध्याकाळी वारा सुटला आणि धुराड्यातून असा काही सूर लागला की ग्लाफिरा सूप टाकून उठली. मी म्हटलं, वारा आहे. ती म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून या घरात वारा येतोय, असा गळा काढून कधी रडला नव्हता. बायकोला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.
तरी लक्ष घालायचं ठरवलं आहे. भट्टी ठीक तर हिवाळा ठीक. तिच्यात शिजवायचं, तिच्या पाठीशी मोजे वाळवायचे, तिच्यावर झोपायचं. ग्लाफिराचे गुडघे तर तिच्यावरच चालतात.
नोंद: यंदा उन्हाळ्यात धुराड्यावर मी पत्र्याची टोपी बसवली आहे. डिझाइन माझं. धूर मोकळा जावा म्हणून चहूबाजूंनी ओळीने भोकं पाडलीत, बासरीला असतात तशी. त्यामुळे बर्फाचा आणि कावळ्यांचा प्रश्न कायमचा मिटला. म्हणजे वरून दोष असणं शक्य नाही. दोष आत आहे.

२४ नोव्हेंबर
ग्लाफिराचं मत: भट्टीमागचे, घर राखणारे अदृश्य आजोबा रडतायत. घरात काहीतरी वाईट होणार, म्हणून.
हे सगळं तिच्या आईचं. सासूबाई नदीपलीकडचं गाव सोडून आल्या, तेव्हा तिथल्या घरच्या आजोबांना म्हणे लोकरीच्या बुटात बसवून घेऊन आल्या. भट्टीमागे बूट ठेवला, "चला आजोबा, आता आमच्याबरोबर तिकडे राहा" असं म्हणाल्या, आणि बूट छातीशी धरून नावेत बसल्या. आजोबांशिवाय घर म्हणजे नुसती लाकडं, असं त्यांचं म्हणणं. वल्हं मी मारत होतो. मला काही वजन जाणवलं नाही.
असलं मी मानत नाही. भट्टीमागे वाटीत दूध ठेवतो, पण ते मांजरासाठी.

२५ नोव्हेंबर, सकाळ
कारण सापडलं! सावेली.
सावेली म्हणजे पलीकडच्या अंगणातला, भट्ट्या बांधणारा गवंडी. सहा वर्षांपूर्वी आमचं धुराडं त्यानेच नव्याने बांधलं. नव्या विस्तवावरची पहिली ब्लिनी, म्हणजे पातळ धिरडं, गवंड्याला द्यायची, असा आमच्याकडे रिवाज. ती मी खाल्ली. भूक लागली होती. सावेली तेव्हा हसला होता. पण नाराज झालेला गवंडी काय करतो हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाटलीची मान फोडून धुराड्याच्या विटांत लपवतो. वारा आला की ती रडते, आणि घरातल्यांची झोप उडते.
ग्लाफिरा म्हणाली, मग सहा वर्षं का नाही रडली? मी म्हटलं, सूड मुरायला वेळ लागतो. ती भांडी घासायला उठली. म्हणजे पटलं.

२६ नोव्हेंबर
दुकानात सावेलीला आडून आडून विचारलं. तो सगळ्यांसमोर दात काढून, मला नेहमीसारखी बापाच्या नावाने हाक मारत म्हणाला, "कुज्मिच, बाटली विटेत घालायला आधी माझ्या हातून ती सुटायला नको का?" मग म्हणाला, "ती टोपी काढून बघ आधी. आणि काही झालं तरी डिसेंबरात भट्टी उघडू नको. माती गोठेल, मग बसशील बोंबलत."
माझ्या टोपीवरून पहिल्यापासूनच त्याच्या पोटात दुखतं.

२९ नोव्हेंबर
तोन्याचा फोन. आमची मुलगी, वोलोग्दा शहरात असते, पाचव्या मजल्यावर. दर हिवाळ्यात तेच पालुपद: आईला इकडे पाठवा, इथे रेडिएटर आहे. दर हिवाळ्यात ग्लाफिरा म्हणते, घर सोडून कुठे जाऊ. आज ते म्हणाली नाही. फोन ठेवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "येफीम, नव्या वर्षापर्यंत भट्टी गप्प आणि घर गरम. नाहीतर मी तोन्याकडे जाते. कायमची."
"कायमची" हा तिचा बोलायचा प्रकार आहे. तरी काम हातात घेतो. अर्ध्या दिवसाचं आहे. माझे आजोबा भट्ट्या बांधायचे, म्हणजे हे रक्तातच आहे. ते लवकर गेले, त्यामुळे शिकवायचं राहिलं, एवढंच.

२ डिसेंबर
शुभारंभ. माळ्यापाशी धुराडं उघडलं. प्रत्येक विटेवर खडूने खूण केली, म्हणजे परत लावताना गोंधळ नको. प्लॅनिंग असावं तर असं. विटा ओळीने जमिनीवर मांडल्या.

३ डिसेंबर
मार्शल (आमचं मांजर) विटांवर लोळलं. त्याचं पोट पांढरं झालं आणि विटा कोऱ्या. हरकत नाही. विटा सगळ्या सारख्याच असतात.

५ डिसेंबर
बाटली नाही. आणखी खाली गेलो. भट्टीची एक बगल उघडली. बाटली नाही. सापडलं ते असं: बादलीभर काजळी, एक मेलेली पाकोळी, आणि चांदीचा चमचा. या चमच्यावरून ग्लाफिराने सख्ख्या बहिणीशी अबोला धरला होता. बहीण जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ग्लाफिरा तो चमचा पदराला, म्हणजे एप्रनला, पुसत बसली. पुसून झाला तरी पुसत होती.
घरात कोट घालून जेवतो आहोत. कोबीचं सूप शेजारून येतं. सावेलीकडून. कसं प्यायलो माझं मला माहीत.

६ डिसेंबर
बाटली त्याने फार खोल लपवली आहे. पण आता शोधत बसण्यापेक्षा सगळं नव्याने बांधलं तर बाटली आपोआप निकामी होईल. हा विचार सावेलीला सुचला नसणार.

८ डिसेंबर
मातीकाम. माती गोठते. गरम पाण्यात कालवली, तरी गोठते. मीठ घातलं. ग्लाफिरा विचारत होती, अळंबी खारवतोयस का?
रात्रीपर्यंत सगळं उभं राहिलं. किंचित डावीकडे कलतं, पण ते दाराकडून पाहिलं तर. आठ-दहा विटा उरल्या. म्हणजे सावेलीने विनाकारण जास्त लावल्या होत्या.

९ डिसेंबर
विस्तव पेटवला. धूर वर जाणं सोडून सगळीकडे गेला. आम्ही ओसरीवर उभे, बाहेर उणे पंचवीस. मी ग्लाफिराला समजावलं की नवीन भट्टीला सवय व्हायला वेळ लागतो. तिचे डोळे लाल होते. धुराने.
वारा सुटला. भट्टी रडली. पूर्वीपेक्षा मोठ्याने.
मार्शल सावेलीकडे गेला. येईल परत.

१० डिसेंबर
ग्लाफिरा चार दिवस तोन्याकडे गेली. माझीच आयडिया म्हणायला हरकत नाही, कारण मी अडवलं नाही. बाई घरात नसली की काम झपाझप होतं.
निघण्यापूर्वी ती भट्टीमागे वाकून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होती. मला शिव्या देत असणार. बसपर्यंत सोडायला गेलो. एक कापडी पिशवी तिने माझ्या हाती दिलीच नाही; अंडी न्यावीत तशी दोन्ही हातांनी धरून होती. मी म्हटलं, जड असेल, दे. ती म्हणाली, "जड नाही रे. धक्का लागायला नको."
बसमधून तिने हात केला नाही. हात मोकळे नव्हते.

११ डिसेंबर
माझा डावा लोकरी बूट सापडत नाही. नेहमी दोन्ही भट्टीमागे असतात. उजवा आहे. दुधाची वाटी उपडी घातलेली होती, तीही ग्लाफिरानेच घासून ठेवली असेल. घाईत बूट तिच्या सामानात गेला असणार. एका बुटाचं ती काय करणार? तिला कसली शिस्त म्हणून नाही.

१४ डिसेंबर
टेम्पररी मुक्काम बागेतल्या स्नानघरात हलवला. वाफेच्या आंघोळीसाठी तिथे लोखंडी शेगडी आहे. खोली छोटी, लगेच तापते. आडवं व्हायला बाकही आहे. पाय दुमडले की मावतो. इतकी वर्षं हे कसं सुचलं नाही!
सकाळी उठलो तर मिशी बाकाला चिकटलेली.

१६ डिसेंबर
ग्लाफिराचा फोन. घर गरम आहे का? मी म्हटलं, प्रोग्रेस आहे. ती म्हणाली, इथे इतकं गरम होतं की तोन्या खिडकी उघडी ठेवते. बाहेर उणे तीस आणि खिडकी उघडी! अशाने देश कसा चालायचा?
बुटाचं विचारलं. ती म्हणाली, आहे, नीट आहे. मी म्हटलं, येताना घेऊन ये, एक पाय गारठतो. तिने विचारलं, जेवतोस का? मी म्हटलं, भरपूर. तिकडे कुठेतरी पाणी खळखळत होतं. चार दिवस होऊन गेलेत, हे मी तिला मुद्दामच सांगितलं नाही. उगाच टेन्शन घेते.

२० डिसेंबर
काल वादळ. टोपी उडाली! थेट सावेलीच्या अंगणात. उन्हाळ्याची मेहनत.
पण मोठी बातमी दुसरीच. घरात जाऊन कान लावला. बाहेर वारा घोंघावतोय आणि भट्टी गप्प. एकदम गप्प. माझ्या मातीकामाचा रिझल्ट. जरा उशिरा आला, पण आला!
हे सावेलीला सांगायला गेलो. तो म्हणाला, "टोपी घेऊन जा बाबा आपली. काल रात्रभर माझ्या कुंपणात अडकून रडत होती. कुत्र्याचा भुंकून भुंकून घसा बसला." थंडीत पत्रा आवाज करतो, हे सायन्स आहे. त्याला कोण सांगणार.
मार्शल त्याच्या भट्टीवर पसरला होता. माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

२१ डिसेंबर
ग्लाफिराला फोन केला. सांगितलं, भट्टी गप्प झाली. ती म्हणाली, "हं." मी म्हटलं, अर्धी अट पूर्ण. ती म्हणाली, "आणि गरम?"

२४ डिसेंबर
पुन्हा पेटवून पाहिली. फटींतून धूर आला, मग एक बगल सावकाश बसली. आवाजसुद्धा केला नाही. मी समोर बसून पाहत राहिलो.
सावेलीला बोलावलं. म्हणजे, सहज जमलं तर ये म्हटलं. तो आत आला, फटीत हात घातला, काढला. हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हस की. तो म्हणाला, "कुज्मिच, हसण्यासारखं काही ठेवलंच नाहीस तू." म्हणाला, मेमध्ये, गोठलेली जमीन सुटली की, पायापासून बांधावी लागेल. तोवर काडी लावायची नाही, नाहीतर घर जाईल आणि घराबरोबर तूही.
मग तो भट्टीमागे वाकला. एकटा उजवा बूट आणि उपडी वाटी बघितली. त्याने डोक्यावरची टोपी काढली, मयताच्या घरी काढतात तशी. विचारलं, "डावा ग्लाफिराने नेला?" मी म्हटलं, हो, चुकून. तो म्हणाला, "चुकून." मग बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला. घरात इतकी थंडी आणि हा डोकं उघडं टाकून! मला म्हणाला, नवं वर्ष आमच्याकडे कर. मी म्हटलं, छे, ग्लाफिरा येणार आहे.

३० डिसेंबर
ग्लाफिरा आली नाही. रस्त्यांवर बर्फ असणार.
नवा प्लॅन: मीच वोलोग्दाला जातो आणि तिला घेऊन येतो. बोलायचं सगळं तयार आहे. मुद्दा एक, भट्टी रडत नाही. मुद्दा दोन, स्नानघर दोघांना पुरेल. मुद्दा तीन बसमध्ये सुचेल. उजव्या पायात माझा बूट, डाव्यात सावेलीचा जुना. पाना बरोबर घेतला आहे. शहरात कोणाला काही दुरुस्त करता येत नाही.

१ जानेवारी, वोलोग्दा
काल संध्याकाळी पोचलो. दार तोन्याने उघडलं, "बाबा, किती वाळलात!" म्हणाली. ग्लाफिरा मागे उभी. तिने माझ्या पायांकडे बघितलं. "आलास?" एवढंच.
जेवायला खूप होतं. मी मुद्दा एकपासून सुरुवात करणार, तेवढ्यात खिडकीकडे लक्ष गेलं. खिडकीखाली रेडिएटर. रेडिएटरच्या मागे, भिंतीला टेकून, माझा डावा बूट. टोक खोलीच्या आत वळवलेलं. शेजारी दुधाची वाटी. इथे मांजर नाही.
नावेतल्या सासूबाई आठवल्या. बसमधली पिशवी आठवली.
तरी बोललो. म्हटलं, ग्लाफिरा, भट्टी आता अजिबात रडत नाही. ती उठली, माझ्या ताटात खारवलेली अळंबी वाढली आणि म्हणाली, "तिथे आता रडायला आहेच कोण, येफीम."
मुद्दा दोन काढलाच नाही. खूप वाईट वाटलं. काटा खाली ठेवला, तोन्याला सांगितलं अळंबी खारट आहे.
सगळे झोपल्यावर उजवा बूट काढला आणि रेडिएटरमागे डाव्याशेजारी ठेवला. ठेवताना हात डाव्या बुटात गेला. आत ऊब होती. रेडिएटरचीच असणार.
तेवढ्यात रेडिएटर गुरगुरला. नळाशी नक्की काहीतरी आहे. मी पाना शोधायला पिशवी उघडली. पाना नव्हता. अंधारातून ग्लाफिरा म्हणाली, "झोप आता."
झोपलो.