राजाच्या बाजूने वैभवी

२ नोव्हेंबर, रविवार

परवा शाळेत चिठ्ठ्या टाकल्या आणि वैभवीच्या वाट्याला इंग्लंडचा राजा आला! राहतो आखातात, पण शाळा अमेरिकन, म्हणून अकरावीला अमेरिकन इतिहास. अर्धा वर्ग स्वातंत्र्यवाल्यांचा, अर्धा राजाशी इमान राखणाऱ्यांचा. लॉयलिस्ट म्हणतात त्यांना. येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी डिबेट. 'धिस इज सो अनफेअर!' म्हणत लेकीने खोलीचं दार लावून घेतलं.

इकडे शैलेंद्रचं वेगळंच. कंपनी पुण्याच्या ऑफिसात बदली देतेय, जूनपासून. 'चौदा तारखेला हो-नाही कन्फर्म करायचंय, मृणाल.' मी म्हटलं, आणि पोरीची बारावी? शाळेचा डिप्लोमा एका वर्षावर आलेला असताना तिला इथून उपटायची? तो म्हणाला, 'बघू.' हा माणूस बघू म्हणाला की त्याचं ठरलेलं असतं.

३ नोव्हेंबर

सकाळपासून घरात येरझाऱ्या. तीच भांडी दोनदा विसळली.

दुपारी अनुपमाचा फोन. माझी नणंद. पुण्यात आमचा बंद फ्लॅट आहे त्याच्या वरच्याच मजल्यावर ती, तिची पोरं आणि सासूबाई. 'वहिनी, तुमच्या पडद्यांचं माप घेऊन ठेवलंय हं. क्रीम कलर सांगितला.' अजून कोणी हो म्हटलेलं नाही आणि इथे पडदे लागलेसुद्धा! शैलेंद्र म्हणतो, 'अगं, प्रेमाने करतेय ती.' प्रेमानेच करते, तीच तर पंचाईत. भांडायचीही सोय नाही.

५ नोव्हेंबर

वैभवीला सरावाला कोणी नाही. म्हटलं, मी होते समोरची पार्टी. तिने डोळे फिरवले. 'आई, यू डोन्ट नो एनी ऑफ धिस.'

मग काय, ती शाळेत गेल्यावर तिचं जाडजूड पुस्तक उघडलं. आमच्या वेळी अमेरिका म्हणजे दीड पान! कर कधी बसला, चहा समुद्रात कधी फेकला, जाहीरनामा कधी निघाला, सगळ्या सनावळ्या पाठ केल्या. संध्याकाळी घडाघडा म्हणून दाखवल्या. पोरगी सोफ्यावर हसून लोळली. 'नोबडी आस्क्स डेट्स, आई! यू हॅव टू आर्ग्यू!'

आर्ग्यू! पुण्यात जन्मलेल्या बाईला हे शिकवायला निघाली!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारची अर्धी शाळा. जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर आम्ही दोघी समोरासमोर. 'यल्ला आई, स्टार्ट!' 'चला'ला इथल्या पोरांच्या तोंडी हा अरबी शब्द.

तिने राजाची बाजू छान मांडली. राजाने तुमच्यासाठी युद्ध लढलं, तुम्हाला सांभाळलं, आता थोडा कर मागितला तर एवढं काय आकाश कोसळलं? आणि घरचं नातं असं तोडतात का? सगळं तिच्या इंग्रजीत, फाडफाड.

मी मराठीतच तडकले. 'तीन हजार मैलांवर बसून आमचं परस्पर ठरवणारे तुम्ही कोण? एकदा तरी विचारलंत आम्हाला? सांभाळता म्हणून आमच्या घरातलंही तुम्हीच ठरवणार?' टेबलावर हात आपटला. पाण्याची बाटली आडवी.

शैलेंद्र कधी आला कळलं नाही. दारात उभा. 'हे अमेरिकेचंच चाललंय ना?'

'आय होप सो, बाबा,' वैभवी म्हणाली.

मी भाजी गरम करायला आत गेले.

९ नोव्हेंबर

त्या लॉयलिस्टांचं पुढे काय झालं ते वाचलं. युद्ध हरल्यावर हजारोंनी घरंदारं सोडली. बरेच कॅनडाला गेले, काही इंग्लंडला. त्यातल्या कित्येकांनी इंग्लंड कधी पाहिलंही नव्हतं! आपला म्हणायचा देश, आणि तिथे कोणी ओळखत नाही.

थेट शैलेंद्रला गाठलं. 'ही इथे जन्मली. पुणं तिला उन्हाळ्यातल्या तीन आठवड्यांचं. काय करेल ती तिथे?' तो म्हणाला, 'मग तिलाच विचारू ना.' मी म्हटलं, डिबेटच्या तोंडावर नको.

दूध आणायचंय म्हणून गाडी काढली आणि पुलापलीकडच्या रीम आयलंडला उगाच दोन चकरा मारल्या. खिडकी उघडी. उन्हाळा सरून आता हवा बरी झालीये. कुठे निघालीस, असं कोणी विचारत नाही इथे. दूध आणायचं राहिलंच.

११ नोव्हेंबर

झाली डिबेट! टीचरने अर्ध्यातून सगळ्यांना बाजू बदलायला लावली म्हणे. राजा सोडून स्वातंत्र्याच्या बाजूने बोलायला लागल्यावर वैभवीने वर्ग गप्प केला. 'आय जस्ट डिड यू, आई.' हात आपटण्यासकट! फार आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

१३ नोव्हेंबर

उद्या कळवायचंय. जेवताना शैलेंद्रने तिला विचारलंच.

'आय'म ओके विथ पुणे, बाबा.' पापड मोडत, इतकं सहज! शाळेच्या काउन्सेलरला तिने केव्हाच विचारून ठेवलंय. उरलेले विषय ऑनलाइन करून याच शाळेचा डिप्लोमा मिळेल. खलास! शिवाय पुण्यात आत्याची पोरं आहेत, एकटीला रिक्षाने फिरता येईल, इथे सगळीकडे आईची गाडी.

'मला सांगितलं का नाहीस?'

'यू नेव्हर आस्क्ड. यू जस्ट केप्ट सेइंग, वैभवीसाठी, वैभवीसाठी.'

शैलेंद्रचा चेहरा उजळला. मी आमटी वाढली, कोणाच्या ताटात ते कळलं नाही. पोरीचं मार्गी लागलं तर आईला हायसं वाटायला हवं. मला नुसतं रडू येतंय. दाखवायला माझ्याकडे काही कारणही नाही. ना नोकरी, ना शाळा.

१४ नोव्हेंबर

शैलेंद्र बूट घालत म्हणाला, 'मग हो कळवतो. आता कोणासाठी अडायचं?'

मी म्हटलं, 'माझ्यासाठी. मला नाही जायचं.'