वीतभर अंतर

बाबा,

दुकानाच्या किल्ल्या मी नेल्यात, शोधत बसू नका. चहा थर्मासमध्ये आहे.

शिंपीणकाकूंचा चष्मा परत आला, डोकं दुखतं म्हणून. फ्रेम वाकली असेल, असं तुम्ही म्हणालात. फ्रेम सरळ आहे. भिंगाचं प्रकाशीय केंद्र बाहुलीसमोर यायला हवं, ते डावीकडे तीन मिलिमीटर खाली बसलंय. म्हणजे भिंग कापण्याआधी केंद्रावर लावता तो तुमचा शाईचा ठिपका चुकला. तीस वर्षांत तो केसभरही हलला नव्हता.

मग मी तुमचा खण उघडला. रागवा खुशाल. तिथे लपवलेला चष्मा घेतला आणि लहानपणी तुम्ही शिकवलंत तेच केलं. बहिर्गोल भिंग भिंतीसमोर धरलं, खिडकीचं उलटं चित्र स्वच्छ उमटेपर्यंत मागेपुढे केलं आणि भिंतीपासूनचं नाभीय अंतर मोजलं. घरात तुम्ही चष्म्याचा नंबर दोन सांगता, मग चित्र हातभर अंतरावर यायला हवं होतं. ते वीतभरावर आलं. अंतर निम्मं म्हणजे नंबर दुप्पट. चार!

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आज अकराला तुमचं नाव लावलंय. आईला मी सांगितलं नाही, ते तुम्ही सांगा. काकूंचं भिंग मी बसवते. मला नीट जमतं, तुमच्याच हाताखाली शिकलेय.

आणि हो, दुकानात तुमच्या खुर्चीसमोर पाटी आहे, 'वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या'. तुमच्याच अक्षरातली. हल्ली दिसत नसेल, म्हणून इथे मोठ्या अक्षरात लिहिली.

धाकटी