दहाव्याला मी जातेय

विपुल,

बाबांच्या दहाव्याला मी जातेय, तू इंटरव्ह्यूला जा. पिंड मी ठेवीन. काका ओरडतील, त्यांना मी बघते. बाबा आजारी असताना जे फिरकले नाहीत, त्यांनी आता सुतक शिकवू नये.

काशीमीऱ्याच्या त्या गोडाऊनमध्ये टोपी घालून बसू नकोस. टक्कल बघून विचारलं तर 'वडील गेले' एवढंच सांग आणि कामाचं बोल. दया घेऊ नकोस, दया दाखवणारे पगार कमी लावतात. जे येत नाही ते येत नाही म्हण.

उपमा झाकून ठेवलाय, खाऊन जा.

कावळा शिवला नाही तर बाबांना सांगेन, विपुल इंटरव्ह्यूला गेलाय. त्यांचा जीव त्यातच अडकला होता.

ताई