बिनअक्षरी मांजर

प्रिय ठोंब्या,

ऑफिसात तुला साहेब म्हणतात हे ठाऊक आहे, पण मी ठोंब्याच म्हणणार. बोलतेय मी, तुझी आजी; लिहितेय तुझी बहीण. मी बोलेन तसंच लिही म्हणून तिला दटावलंय. मागच्या पत्रात तिने माझ्या शिव्या गाळल्या होत्या.

तुझ्या सत्काराचं निमंत्रण पोचलं. ट्रेडमार्कच्या अर्जांना वर्षानुवर्षं ताटकळावं लागायचं, ते तू महिन्यांवर आणलंस म्हणे. तुझी आई शेजारीपाजारी सांगत सुटलीय. मीही माझ्या वकीलबाईंना विचारलं, कसं जमवलं बाई यांनी? माणसं वाढवली? भरभर वाचायला शिकले? तर तसलं काही नाही. अर्जात एखादी शंका काढायची, ती कॉम्प्युटरवर टाकायची, आणि मुदतीत उत्तर आलं नाही की अर्जदाराने अर्ज सोडला असं समजून मोकळं व्हायचं. वा रे पठ्ठ्या! दवाखान्याचं दार लावून घेतलं की बाहेरची रांग हटतेच. त्याला अक्कल लागत नाही, कडी लागते.

मी बनवून विकते त्या साबणावरची कानतुटकी मांजर तुला माहीत आहे. तुझं सगळं लहानपण त्याच साबणाने घासलंय मी. तिच्याखाली मुद्दामच एक अक्षर ठेवलं नाही. माझ्यासारख्या निरक्षर बायकांना दुकानात नुसतं बोट दाखवून साबण मागता यावा म्हणून. तिचा अर्ज तुमच्याकडे पडून होता. तुमच्या विद्वानांनी शंका काय काढली, तर चिन्हातली अक्षरं कळवा! चित्राकडे एकदा डोळे उघडून बघायला काय झालं होतं मेल्यांना? आम्हाला ती शंका कळली अर्ज बंद झाल्यावर. मी सोडला म्हणे अर्ज. तुझ्या आजोबांचं घोरणं जन्मभर सोसलं, त्यांना सोडलं नाही, मांजर सोडीन?

आता पलीकडच्या गल्लीतल्या साबणवाल्याने तीच मांजर स्वतःच्या नावावर मागितलीय. फक्त कान जोडलाय. त्याचा अर्ज मात्र तुझ्या नव्या वेगात सुसाट निघाला. मांजर त्याची झाली तर मला माझे साचे मोडावे लागतील, असं वकीलबाई सांगतात.

म्हणून हे पत्र. रडगाणं नाही आणि वशिलाही नको. त्याच्या अर्जावर मी हरकत घेतलीय. आज सकाळीच अंगठा उठवला. तुला ऑफिसातून कळण्याआधी घरातून कळावं, एवढंच. सत्काराला मी येणार नाही. सुनावणीला येईन. तिथे मला बघून खुर्चीतून उठू नकोस, आजी म्हणू नकोस. नाव पुकार, आणि माझं बोलणं संपेपर्यंत घड्याळाकडे बघू नकोस.

घरात तुझीच, तिथे मात्र हरकतवाली,
आजी