पेटी सूनबाईच्या ताब्यात राहील

मी, सरजाबाई आश्रुबा वाव्हळे, वय अडुसष्ट, राहणार झरी, ता. जि. परभणी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवते. लिहिणे-वाचणे मी घरीच शिकले. अक्षर लागले नाही तर साक्षीदारांना विचारावे.

१. घर व बँकेतली शिल्लक मुलगा सिद्धोधन याची.

२. पेटी मात्र त्याला नाही. माझे मालक, दिवंगत आश्रुबा, गायन पार्टीत ही पेटी वाजवत. ते गेल्यावर ती झाकूनच होती. उघडायला माझा हात धजला नाही. नात अर्पिताने उघडली. पेटी तिची. ती सज्ञान होईपर्यंत सून रेणुकाच्या ताब्यात राहील.

कारण असे. पोर चुकली की सिद्धोधन ओरडतो, "परत पहिल्यापासून!" त्यामुळे गाण्याचा मुखडा पक्का झाला आणि अंतरा कच्चाच राहिला. मला म्हणाली, "आजी, पुढचं येणार कसं? पप्पा तितपर्यंत जाऊच देत न्हाईत." मी त्याला बोलले, तर म्हणे, "माय, तुला काय कळतंय त्यातलं?" जयंतीच्या कार्यक्रमात ती अंतऱ्यावर अडकली. त्याने सगळ्यांदेखत दंडाला धरून उठवले. तेव्हापासून पोरीने पेटीला हात लावलेला नाही.

३. पुन्हा बसली तर रेणुकाने मालकांची रीत धरावी. ते नवे गाणे आधी टाळीवर गाऊन बघत. मुखडा कुठे संपतो, अंतरा कुठून चढतो, कोणती ओळ आधीच्याच चालीची आहे. ती वेगळी शिकायला नको. मग सराव अंतऱ्यापासून. सगळ्यांत जास्त वेळ अंतऱ्याहून मुखड्यावर येण्याच्या जोडाला. म्हणायचे, "बाहेर गेलेलं माणूस घरात कुठून शिरतंय, ते आधी बघ." रेणुकाला सूर कळत नाहीत. "हा तुकडा मघासारखाच हाय का गं?" एवढे विचारले तरी पुरे.

४. सिद्धोधन, तू वाईट बाप नाहीस. वडिलांचे नाव राहावे म्हणून पोरीला रडवतोस. त्यांनी तुला कधी रडवले नव्हते.

५. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला अर्पिताला पेटीवर बसवू नये. आपणहून बसली, तर अडखळली तरी कोणी थांबवू नये. सिद्धोधनने तेव्हा मागे, तिच्या नजरेला पडणार नाही असे बसावे.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: सरजाबाई आश्रुबा वाव्हळे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. चंद्रभान किसन खिल्लारे, शेजारी
२. शिवकन्या माणिकराव देशमाने, अंगणवाडी सेविका

ठिकाण: झरी
तारीख: ९ जून २०२४